एका डोळ्याची हिरवी गाडी

मला मुलं आवडतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मला गप्प बसून काम करणारी मुलं आवडतात, आणि तशी फार थोडी असतात. तरीही एकतीस वर्षं गाड्यांचे रंग जुळवून झाल्यावर मी दर रविवारी सकाळी वर्कशॉपच्या वरच्या खोलीत सहा मुलं गोळा केली आणि त्यांना मॉडेल गाड्या बनवायला शिकवू लागले. वीतभर गाडी, पण प्रत्येक माप खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं. गाड्या दुरुस्तीचं हे वर्कशॉप माझ्या धाकट्या भावाचं. “ताई, घरी बसून आमचं डोकं खाशील, त्यापेक्षा त्यांचं खा,” असं म्हणून खोली त्यानेच दिली होती.

पहिल्याच दिवशी मी नियम सांगून टाकले. खोक्यातल्या प्लास्टिकच्या फ्रेममधून भाग ओरबाडायचा नाही, कटरने कापायचा. कापलेली जागा कानशीने गुळगुळीत करायची. आधी कोरडं बसवून बघायचं, मग डिंकाला हात लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जसं दिसलं तसं करायचं. गाडी धुळीची असेल तर धुळीची, गंजलेली असेल तर गंजलेली.

पाच पोरांनी मान डोलावली आणि लगेच डिंकाला हात लावला. सहावी दहा वर्षांची मुलगी होती. ती खिशातून फूटपट्टी काढून खोक्यावरचं चित्र मोजत बसली होती, म्हणून तिचं नाव मी फूटपट्टी ठेवलं. तिची आई शिवणकाम करायची. ती लेकीला सोडून जात नसे, दाराशी स्टुलावर बसून कुणाच्या तरी शर्टांना बटणं लावत असे.

“मावशी, खोक्यावर आहे तशीच करायला हवी का?” फूटपट्टीने विचारलं.

“मग तुला कशी हवीय?”

“एका डोळ्याची.”

बाकीची पोरं खिदळली. मला मात्र मनातून बरं वाटलं. नवीकोरी चकचकीत गाडी कुणीही करतं. वापरलेली, मार खाल्लेली गाडी करायला नजर हवी. मी तिला सांगितलं, खुशाल कर.

तीन रविवारांत तिने सांगाडा उभा केला. चाकं सरळ, दारं फटीशिवाय बसलेली. डावा दिवा तिने लावलाच नाही. मग चमचा गरम पाण्यात बुडवून ती पुढच्या डाव्या कोपऱ्यावर दाबू लागली. प्लास्टिक वाटीसारखं आत गेलं.

“अगं, पत्रा असा चेपत नाही,” मी म्हणाले. शिकवायला बसले की मला भान राहत नाही. मी तिच्या हातातून चमचा घेतला. “दिवा फुटला ना, की त्याच्या खालचा पत्रा आत दुमडतो. त्याची एक घडी वर बॉनेटकडे येते, अशी. आणि चाकावरची कड बाहेर फेंदारते. हे बघ.”

दोन मिनिटांत मी तो कोपरा तिला करून दाखवला. फूटपट्टी त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“हो,” ती म्हणाली. “अस्संच होतं. मावशी, तुम्हाला कसं माहीत?”

दाराशी आईची सुई थांबली.

“अशा शेकडो गाड्या पाहिल्यात मी,” असं काहीतरी मी बोलून गेले. पण शेकडो कोपरे शेकडो तऱ्हांनी चेपतात. माझ्या हातांनी त्यांतला एकच काढला होता, सगळ्यांत शेवटी दुरुस्त केलेला.

पोरं गेल्यावर तिच्या आईला मी विचारलंच. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

“हिचे बाबा आठ महिने अंथरुणावर आहेत, बाई,” ती बटण लावत लावतच म्हणाली. “बाजाराच्या मागच्या गल्लीत सायकल हातात धरून उभे होते. ही शेजारी. गाडीने उडवलं, थोडं पुढे जाऊन थांबली, मागे आली, वळली आणि निघून गेली. पोलिसांनी हिला चारचारदा विचारलं, कशी होती गाडी? हिला रडण्यापलीकडे काही सांगता येईना. हिरवी, एवढंच. ते म्हणाले, आठवलं की या. मग तुमच्या क्लासचा कागद दिसला. ही म्हणाली, आई, मला सांगता येत नाही, पण मी करून दाखवीन.”

त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही.

आठ महिन्यांपूर्वीचा सोमवार. सोमवारी वर्कशॉप बंद असतं. धाकट्याने मला फोन करून बोलावून घेतलं. त्याची स्वतःची हिरवी गाडी आत उभी होती, डावा कोपरा चेपलेला, दिव्याच्या जागी भोक. “फाटकाच्या खांबाला घासली गं. आजच करून टाकू, बायको उगाच कटकट करील.” पत्रा त्याने ठोकला, रंग मी जुळवला. वहीत नोंद केली नाही, घरचीच गाडी म्हणून. खांबाला घासलेल्या गाडीवर चुना असतो, सिमेंट असतं. तिथे यातलं काही नव्हतं. तुटलेल्या दिव्यात सायकलच्या मुठीचा निळा रबरी तुकडा अडकला होता. मी तो चिमट्याने काढला आणि कचऱ्यात टाकला. काही विचारलं नाही. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्याला मी वाढवलाय. मूग गिळून कामाला लागले. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

पण एक गोष्ट माझ्या हातांनी सवयीने केली होती. कंपनीच्या डब्यातला रंग वेगळा आणि पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग वेगळा. प्रत्येक गाडीला तिचा तिचा रंग कालवावा लागतो आणि त्यातला चमचाभर मी औषधाच्या छोट्या बाटलीत राखून ठेवते. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि गाडीचा नंबर. एकतीस वर्षांत एकही बाटली चुकवली नाही. त्या सोमवारीही भरली, चिठ्ठी लावली आणि फळीवर रांगेत ठेवली. रांगेतली ती शेवटचीच, तिच्यानंतर मी काम सोडलं. मुलं रंगवायला रंग घेत होती ते याच फळीवरून.

पुढच्या रविवारी मुलं यायच्या आधी मी ती बाटली काढून एप्रनच्या खिशात टाकली.

फूटपट्टी आली ती थेट रंगावर. मी तिला हिरवा कालवून दिला. मुद्दाम चुकीचा. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून रंग चुकवला.

तिने एका तुकड्यावर पट्टा ओढला, तो खिडकीशी धरला, डोळे बारीक केले. हे सगळं मीच शिकवलेलं. “हा नाही, मावशी. यात पिवळा जास्त झालाय. तो काळपट होता, शेवाळासारखा.”

मी पुन्हा कालवला, पुन्हा चुकीचा. तिने पुन्हा मान हलवली. रागावली नाही, चिडली नाही. उठून फळीकडे गेली आणि एकेक बाटली उजेडात धरून बघू लागली. रांगेच्या टोकाला पोचल्यावर थांबली. तिथे धुळीत एक स्वच्छ गोल दिसत होता.

“इथली एक कुणी घेतली?”

बाकीच्या पाचही जणांनी “मी नाही, मी नाही” करून गिल्ला केला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दर रविवारी धाकटा मुलांसाठी बिस्किटं आणतो, तशी घेऊन आला होता.

“काय म्हणतायत कारागीर?” असं हसत तो टेबलाशी आला. पुडे ठेवताना त्याची नजर तिच्या गाडीवर पडली. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण हात पुड्यावरून निघेना. मग त्याने गाडी उचलली. चेपलेल्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा फिरला.

“हे चुकलंय, बाळ,” तो हळूच म्हणाला. “खरी गाडी अशी चेपत नाही. दे इकडे, मी खाली नेऊन सरळ करून आणतो.”

“चुकलेलं नाही,” फूटपट्टी म्हणाली. “मावशींनीच करून दाखवलंय.”

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काही मोडून ठेवलं की असाच बघायचा, ताई सांभाळून घेईल म्हणून. मी दर वेळी सांभाळून घेतलंय. शेजाऱ्याची काच, शाळेतली मारामारी, सगळं. आत्ताही नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. तो गाडी घेऊन खाली गेला असता, कोपरा सरळ झाला असता, आणि या पोरीला मी सांगितलं असतं की तुझ्याच नजरेत चूक आहे. तिने माझं ऐकलंही असतं.

“गाडी खाली ठेव,” मी म्हणाले.

“ताई.”

“ठेव म्हटलं ना.”

त्याने ठेवली. मी खिशातून बाटली काढली आणि चिठ्ठी वर येईल अशी तिच्यासमोर ठेवली. फूटपट्टीने झाकण उघडलं, ब्रश बुडवला आणि त्याच तुकड्यावर तिसरा पट्टा ओढला.

“हाच,” ती म्हणाली.

मग तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली, मुलं वाचतात तशी, आधी नंबर, मग तारीख. “आई, हा तर बाबांच्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचा आहे.”

दाराशी शर्ट खाली पडला. आई उठून उभी राहिली होती, दाराच्या बरोबर मधोमध. जिना तिच्या मागे होता. ती बाटलीकडे बघत नव्हती. ती धाकट्याच्या हातांकडे बघत होती, आणि तो ते हात पँटला पुसत होता.

फूटपट्टीचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. फुटक्या दिव्याच्या कडेने तिने पहिला ब्रश फिरवला आणि मान वर न करताच म्हणाली, “काका, जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय.”