बिनमेमरीचा बाजा

माझा भाऊ तिलक नागपूरच्या एका स्टुडिओत कामाला होता. तिथं सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तसे त्यानं तिथले दोन जुने सिंथेसायझर आणून आमच्या घरी ठेवले. "दोन्ही वाजवून पाय, योगेश्वरी. आवडंल तो ठेव, दुसरा मी पाडव्याले घेऊन जाईन," म्हणाला आणि निघून गेला.

मी नाटक कंपनीत ऑर्गन वाजवते. झाडीपट्टीतली नाटकं होळीपर्यंत चालतात, मग मी गावी, सौंदडच्या अलीकडे, बाबूजींजवळ. माय जाऊन वर्ष झालं होतं, तरी बाबूजी रोज सकाळी चहाचे "तीन कप मांड" म्हणत. मी चिडायची. "तिसरा कोण पिणार, मांजर?" असं तोंडावर म्हणायची. काय करणार, जीभच तशी आहे माझी. तिसरा कप तसाच थंड होई.

दोन बाज्यांत काळा होता तो शहाणा. त्यात आवाज साठवता येत. बटन दाबलं की कालचा आवाज आज जसाच्या तसा हजर. नाटकाला असाच बाजा लागतो, पडदा वर जायच्या आत तयार. दुसरा, दोन्ही कडेला लाकूड असलेला, भारी नखरेवाला. बराच वेळ तापल्याशिवाय सुरातच यायचा नाही. मेमरी नाही, अंगभर नुसते फिरवायचे नॉब, आणि नॉब जिथं असतील तोच आवाज. धक्का लागला की आधीचा गेला, मग बसा शोधत. पण आवाज काय होता बाप्पा! त्याच्या आतले दोन सूर कधी पूर्ण जुळत नसत, एकमेकांपासून हळूच सरकत राहत. एकच पट्टी दोनदा दाबली तरी दोनदा वेगळी ऐकू येई. फिल्टरचा नॉब फिरवताना मला आमच्या तलावाचं पाणी सोडायचं दार आठवायचं. आवाज आत भरलेलाच असतो, किती सोडायचा तेवढं आपल्या हाती.

आमच्या घरामागच्या उन्हाळी धानात तेव्हा एक सारस एकटाच उभा असायचा. त्याची मादी माघात विजेच्या तारेला लागून मेली होती. सारसाची जोडी मिळून ओरडते. नराची एक लांब हाक, तिच्यावर मादीच्या दोन आखूड. हा पहाटे मान वर करून आपली हाक द्यायचा आणि त्या दोन हाकांसाठी थांबायचा. ते थांबणं मला ऐकवत नसे.

"बाई, तुया बाज्यात तिचा आवाज निघंल का?" बाबूजींनी एक दिवस विचारलं. "काही खाऊन नाही राहिला तो."

आधी काळ्यावर आवाज बनवला, साठवला, खिडकीत स्पीकर ठेवला. पहिल्या दिवशी सारसानं मान वळवली. दुसऱ्या दिवशी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी ढुंकूनही पाहिलं नाही. तोच तो आवाज, केसभर फरक नाही, त्याला कळलंच असेल.

मग लाकडी बाज्याला भिडली. सगळ्या दुपारी त्यात गेल्या. एका पहाटे धानावर धुकं होतं, मोहफुलांचा वास दाटला होता. त्यानं हाक दिली आणि मी पट्टी दोनदा दाबली. तो जागच्या जागी थरारला. पुन्हा हाक, पुन्हा माझ्या दोन, आधीपेक्षा जराशा वेगळ्या. त्यानं पंख उघडले आणि त्या धुक्यात, पाण्यात, नाचायला लागला. मी जागी आहे की झोपेत, मला कळेना. बाबूजी लहान पोरासारखे हसत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबूजी स्वतःच वाजवायला लागले. सारस चरू लागला, बाबूजीही दोन घास जास्त खाऊ लागले. मला मात्र धाकधूक होती. उद्या हे मायचा आवाज मागतील, मग मी काय सांगू?

सारस रोज थोडा जवळ यायचा. शेवटी पार कुंपणापर्यंत आला, आणि कुंपणावरून तीच तार जात होती. मोठ्या तलावावर बाकीचे सारस जमले होते, डोक्यावरून ओरडत जायचे, पण आमचा वर पाहायलाही तयार नाही. त्याचं सगळं ध्यान आमच्या खिडकीत.

एक दिवस माझा ताबा सुटला. "बस करा बाबूजी! कायले त्याले नादी लावून राहिले? खोट्या बायकोपायी तो याच तारेत जाऊन मरंल!"

बाबूजींनी हात मागे घेतला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मलाही घास गेला नाही. बोलायचं ते खरंच बोलली होती, तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

पहाटे उठून पाहते तर बाबूजी आधीच बाज्यापुढे. सारस कुंपणाशी, वर तार. त्यानं हाक दिली. बाबूजींचं बोट पट्टीवर होतं. मी एकदाची गप्प राहिली. सारस थांबला. पुन्हा हाक दिली, पुन्हा थांबला.

बाबूजींनी बोट उचललं. मग एकेक नॉब डावीकडे फिरवत गेले, सगळे, शेवटचासुद्धा. इतक्या दुपारी खपून शोधलेला आवाज, आता तो कोणालाच सापडणार नव्हता.

वरून तीन सारस ओरडत चालले होते. आमच्या सारसानं खिडकीकडे पाहिलं, किती वेळ पाहत राहिला. मग वळला, धानातून धावला, पंख पसरले. माझा जीव टांगणीला. तारेच्या खालून निघाला, पलीकडे वर चढला आणि मोठ्या तलावाकडे गेला.

"गेला न?" बाबूजींनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

"गेला, बाबूजी. नीट गेला."

"हाव." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तिलकले सांग, काळा घेऊन जाय." बाज्याचं बटन बंद केलं. "चहा मांड, बाई. दोनच कप."

मी दोन कप मांडले.