पाऊण तास

बाथरूमच्या भिंतीला तिसरं भोक पाडताना फरशीचा टवका उडाला, तसं थोरल्याने ड्रिल बंद केलं. बाहेर मावशीचं बोलणं सुरूच होतं.

"आठवडाभर लिफ्टमध्ये लोंबकळायचं आणि शनिवारची अर्धी सुटी मिळाली की आईसाठी भिंतीला दांडी ठोकायला यायचं. पोरगा असावा तर असा!"

बोलणं आईशी चाललं होतं, पण नेम त्याच्या धाकट्या बहिणीवर होता. ती खाटेजवळ स्टुलावर बसून आईच्या उजव्या हातात रबरी चेंडू ठेवत होती. आईची बोटं एकेक करून मिटायची, सोडायची, पुन्हा मिटायची. दिवसातून चार वेळा तिचं हे चाले.

थोरल्याने स्क्रू बसवले. आईला बाथरूममध्ये उठता-बसता धरायला दांडी हवी, असं व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे काम डाव्या हाताचं. तरी आज त्याचा पाना दोनदा निसटला.

तीन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी, संध्याकाळी पावणेसहाला, आईला अर्धांगाचा झटका आला. घरात ती एकटीच होती. हात जड वाटायला लागला तेव्हा तिने आधी थोरल्याला फोन केला, मग धाकटीला, मग पुन्हा थोरल्याला. कोणीच उचलला नाही. साडेसहाला शेजारीण वर्तमानपत्र परत द्यायला आली आणि दारातूनच ओरडली. हॉस्पिटलात डॉक्टर सहज बोलून गेले, "पाऊण तास आधी आणलं असतं, तर हात वाचला असता." डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले, पण तो पाऊण तास नातेवाइकांनी घट्ट धरून ठेवला.

धाकटी कुठे होती? पोहायला. दर मंगळवारी आणि शनिवारी साडेपाच ते साडेसहा ती तलावावर असायची. फोन लॉकरमध्ये. चष्म्याच्या दुकानात आठ तास उभ्याने काचा घासून तिची पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे, आणि पाण्यात शिरलं की सगळं सुटायचं. पण असलं कोणाला सांगणार? "आई तडफडत होती आणि ही बाई पाण्यात डुंबत होती," हे वाक्य सगळ्या नात्यात फिरून आलं. फिरवणाऱ्यांत मावशी पहिली.

थोरल्याला कोणी काही विचारलंच नाही. "तो बिचारा लिफ्टच्या शाफ्टमध्ये असणार, तिथे रेंज कुठली!" असं हॉस्पिटलच्या बाकावर मावशीच म्हणाली होती. त्याने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्या दिवसापासून तो मूग गिळून होता.

दांडी बसली. त्याने तिला लटकून जोर लावून पाहिला. भिंत हलली नाही.

"खाली पुसायला काहीतरी दे गं," तो म्हणाला.

धाकटी आत गेली आणि निळा टॉवेल घेऊन आली. टॉवेलला अजून क्लोरीनचा वास येत होता.

"हा? अगं, हा तुझा..."

"घे ना. आता त्याचं काय करायचंय?" तिच्या दुसऱ्या हातात पोहण्याची पिशवी होती. तिने त्यातून गॉगल काढला आणि आईच्या खाटेवर ठेवला. "आणि हा तुझ्या पोरीला ने. पट्टा घट्ट केला की होईल तिला."

मावशी खुर्चीत बसून शेजाऱ्यांच्या नातवाचा स्वेटर विणत होती. रिकामे हात तिला बघवत नसत, स्वतःचेही नाहीत. आपलं घर मुलांवर टाकून ती तीन महिने इथे जमिनीवर झोपत होती, आणि हे तिने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. सुया बाजूला न करता ती म्हणाली, "उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं."

थोरला टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात उभा राहिला. सिमेंटची भुकटी पायाखाली चुरचुरत होती. ती पुसायला त्याला वाकवेना.

"मावशी, मी त्या दिवशी शाफ्टमध्ये नव्हतो."

"म्हणजे?"

"काम साडेचारलाच संपलं होतं. मी वर मशीनरूममध्ये बसलो होतो." त्याने टॉवेल दुसऱ्या हातात घेतला. "माऊथ ऑर्गन वाजवत."

हे वाद्य त्याने वर्षापूर्वी घेतलं होतं. घरी पहिल्यांदा तोंडाला लावलं तेव्हा, आता हेच राहिलं होतं, असं म्हणून सगळे इतके हसले की दुसऱ्या दिवशी ते हत्यारांच्या बॅगेत गेलं, पाना आणि मीटरच्या मधल्या कप्प्यात. तेव्हापासून ज्या इमारतीत काम लवकर संपे, तिथे गच्चीवरच्या मशीनरूमचं दार लावून तो वाजवत बसे. मोटारीच्या आवाजात कोणाला ऐकू जात नसे, आणि अंगावर कंपनीचे कपडे असल्यामुळे वर कशाला बसलात असंही कोणी विचारत नसे.

"फोन समोरच होता," तो म्हणाला. "आईचं नाव दिसलं मला. दोन्ही वेळा दिसलं. एक सूर बसत नव्हता, तो बसला की करू म्हटलं."

धाकटीच्या हातातली पिशवी तिथेच थांबली. आईने उशीवरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला अजून शब्द फुटत नव्हते. त्या नजरेत राग असता तरी त्याला बरं वाटलं असतं.

मावशीने लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. आता ती तोंडाचा पट्टा सोडणार म्हणून थोरला वाटच बघत होता. तीन महिने तो ह्याला भीत होता, आणि आता त्याला ते हवं होतं.

"अरे राजा," मावशी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "एवढं मनात घेऊन फिरत होतास? दिवसभर उंचावर जीव मुठीत धरून काम करतोस. घटकाभर टेकलास, तर काय गुन्हा केलास?"

"मावशी, मी फोन बघितला आणि उचलला नाही."

"तुला काय स्वप्न पडलं होतं? दमलेल्या माणसाचं होतं असं."

"काम संपलं होतं गं माझं."

"जागा तर कामाचीच होती ना!"

"मला फोन दिसलासुद्धा नव्हता," धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, जसा गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगताना असेल तसा. "मीही आठ तास काम करूनच गेले होते."

"तुझं वेगळं आहे." मावशीला हे समजावून सांगायचा कंटाळा आला होता. "तू ठरवून जायचीस. घड्याळ लावून, वार धरून, पिशवी भरून. ह्याला बिचाऱ्याला कुठली आलीय मौज! बस रे, चहा टाकते. चेहरा बघ केवढासा झालाय."

ती स्वयंपाकघरात गेली. थोरला उभाच राहिला. सगळं ओकून टाकलं, तरी त्याच्या अंगाला कसलाच दोष चिकटला नव्हता. धाकटीकडे बघायची त्याला लाज वाटली, इतकी की तो हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिला.

धाकटीने तो त्याच्या हातातून घेतला. बाल्कनीत जाऊन झटकला, नाकाशी धरला, आणि पिशवीत भरला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. तो वाजला नव्हता. थोरला दोन हातांच्या अंतरावर उभा होता, वाजला असता तर त्याला ऐकू आलं असतं.

"हो, बोला," ती मोठ्याने म्हणाली. "आत्ता? बरं, बघते."

मावशी दारात आली. "कोण गं?"

"दुकानातून. चार चष्मे उद्या सकाळी द्यायचेत आणि काचा घासायला कोणी नाही. दोन तास तरी जातील."

बोलताना ती मावशीकडे नाही, थोरल्याकडे बघत होती. त्याने एकदाच मान हलवली.

"मग जा की," मावशी म्हणाली. "कामाला नाही म्हणायचं नसतं. आम्ही आहोत आईजवळ. चहाचा घोट तरी घेऊन जा."

"उशीर होईल."

"आणि रिक्षा कर गं, धावू नकोस!"

एवढ्या मायेने मावशी तीन महिन्यांत तिच्याशी बोलली नव्हती. धाकटीने चपला घातल्या, पिशवी काखोटीला मारली आणि ती जिना उतरायला लागली.

मावशी खाटेवरची चादर नीट करायला वळली. गॉगल तिथेच पडला होता. थोरल्याचा हात पुढे होण्याआधी आईचा डावा हात हलला. तिने तो गॉगल हळूहळू जवळ ओढला आणि पांघरुणाखाली घेतला. मावशी चादरीचा कोपरा खोचून पुन्हा चहाकडे गेली.

आईने थोरल्याकडे बघितलं, मग दाराकडे. त्याने पांघरुणाखाली हात घातला. आईची बोटं सोडेनात, क्षणभर ती त्याच्या बोटांवर घट्ट मिटली, मग सुटली. हत्यारांची बॅग उघडून पाना आणि मीटरच्या मधल्या कप्प्यात त्याने गॉगल घातला आणि बॅग खांद्याला लावून तो दाराकडे धावला.

"आता तू कुठे?" आतून मावशीने विचारलं.

"तिचं कामाचं सामान राहिलं," तो म्हणाला.

"दे, दे लवकर," मावशी म्हणाली. "बिचारी. शनिवारसुद्धा मिळू देत नाहीत पोरीला."