क्यूबमास्तर

बांधकामावर त्याला सगळे क्यूबमास्तर म्हणायचे आणि ते नाव त्याला आवडायचं. काँक्रीट ओततात त्या दिवशी त्यातलंच थोडं वीतभर लोखंडी साच्यात भरायचं, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचं आणि मग प्रयोगशाळेत यंत्राखाली चिरडून बघायचं, किती भार सोसतंय ते. तो ठोकळा म्हणजे क्यूब. क्यूब पास तर इमारत पास. बावीस वर्षं हा सुपरवायझर होता आणि याचा एकही क्यूब नापास झाला नव्हता.

होणार कसा? क्यूबचा माल तो वेगळा कालवायचा. एका घमेल्यात, स्वतःच्या हाताने, सिमेंट सढळ, पाणी बेताचं, सळईने ठासून ठासून. तान्ह्या पोराला भरवावं तशा मायेने तो साचा भरायचा. कॉलममध्ये मात्र जायचं ते मिक्सरमधलं. त्यातल्या सिमेंटला मालकाने आधीच कात्री लावलेली असायची आणि माल भराभर उतरावा म्हणून वरून पाण्याच्या बादल्या. पहिल्यांदा हे केलं तेव्हा दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं. मग कळलं की सगळेच करतात. सगळेच करतात म्हटलं की माणसाला झोप फार चांगली लागते.

त्याची लेक सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, वर्गात पहिली. कॉलेजने त्या वर्षी फर्मान काढलं, प्रोजेक्ट पुस्तकातून उतरवायचा नाही. साइटवर जा, स्वतःच्या हाताने मोजा. बाकीची पोरं साइट मिळवायला दारोदार फिरत होती. ही मात्र जेवता जेवता सहज म्हणाली, "बाबा, मी तुमची बिल्डिंग घेते. क्यूबचे आकडे तुमच्याकडे आहेतच. मी कॉलमवर हातोडा लावून मोजणार. दोन्ही जुळले की झाला प्रोजेक्ट!"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "अगं, लांब पडेल तुला. धूळ किती असते तिथे."

"धूळ खायलाच पाठवतायत आम्हाला."

"पोरगी कौतुकाने बापाचं काम बघायला मागतेय," बायको म्हणाली, "आणि यांचे नखरे बघा!"

झालं. दगडाखाली हात सापडला.

तो हातोडा खिळे ठोकायचा नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी लांब नळी, आत स्प्रिंग. टोक काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा आदळून मागे उडतो आणि किती उडाला तो आकडा पट्टीवर दिसतो. काँक्रीट जितकं टणक, तितका आकडा मोठा. क्यूबमास्तरने शहाणपणा करून लेकीला आधी पार्किंगमध्ये नेलं. तिथले तीन कॉलम इमारतीचे सल्लागार इंजिनिअर साहेब स्वतः उभे असताना ओतलेले, म्हणजे शुद्ध सोनं. पण तिने खिशातून कागद काढला. "असे निवडायचे नाहीत, बाबा. सरांनी चिठ्ठ्या टाकून नंबर काढलेत. चौथा मजला, कॉलम चौदा."

चौदा नंबर त्याला चांगलाच आठवत होता. त्या कॉलममध्ये दोन बादल्या जास्त गेल्या होत्या. बादली निळी होती.

तिने दगडाने कॉलम घासला, खडूने चौकोन आखले, हातोडा दाबला. चाळिसाच्या आसपास यायला हवं होतं. आलं बावीस. मग एकवीस. मग तेवीस. तिने कॉलेजातून आणलेल्या पोलादी ठोकळ्यावर हातोडा तपासला. तिथे यायला हवेत तसे बरोब्बर ऐंशी. पुन्हा कॉलमवर, बावीस. आठ दिवस ती रोज येत होती. दाबून दाबून तळहाताला फोड आले. दहा कॉलम झाले आणि आकडे तसूभर वर सरकेनात.

"हातोडा बरोबर आहे," ती जिन्यावर बसून म्हणाली. "क्यूबही बरोबर आहेत. म्हणजे माझाच हात चुकतोय." मग वही उघडत, आपलं लिहायला हवं म्हणून तिने विचारलं, "क्यूब त्याच मालाचे ना, बाबा?"

"मग काय आभाळातून पडले?"

ती हसली आणि तिने वहीत 'हो' लिहिलं. आपण खोटं बोललो नाही, फक्त प्रश्नाला प्रश्न केला, असं त्याने मनाशी म्हणून बघितलं. पटलं नाही.

एक तारखेला बेचाळीस कुटुंबांना किल्ल्या मिळणार होत्या. इमारत उद्या पडेल असं नव्हतं. पण जमिनीला एखादा धक्का बसला, कुणी गच्चीवर जास्तीची टाकी चढवली, तर काय होईल हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तोंड उघडलं तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंग, आणि मालक कानावर हात ठेवून मोकळा. तेही एक वेळ सोसलं असतं. पण लेक ज्या नजरेने त्याच्याकडे बघायची, ती नजर जाईल, याला तो खरा भ्यायला होता. बेचाळीस घरं एका पारड्यात आणि ती नजर दुसऱ्यात, आणि पारडं नजरेकडे झुकत होतं. त्याला स्वतःचीच किळस आली.

तोंडी परीक्षेला साइटचा माणूस म्हणून सहीसाठी त्यालाही बोलावलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पडलेल्या इमारती तपासण्यात केस पांढरे केले होते. अहवालाचं शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं. "हाताची चूक, असं लिहिलंयस. ज्याचा हात चुकतो त्याचे आकडे कधी वर जातात, कधी खाली. तुझे तर सगळे एका रांगेत उभे आहेत. असं का?"

लेक वहीतले आकडे पुन्हा बघायला लागली. बाई त्याच्याकडे वळल्या. "क्यूब तुम्ही भरले? कॉलममध्ये जो माल ओतला, त्यातूनच?"

त्याने तोंड उघडलं. सांगायचंच, असं त्या क्षणी त्याने ठरवलं होतं; निदान पुढे तो स्वतःला तसं सांगत राहिला. पण लेक मध्येच बोलली, "मॅडम, बाबांचा क्यूब बावीस वर्षांत एकदाही नापास झालेला नाही. चूक माझीच आहे."

"मी यांना विचारतेय."

लेक त्याच्याकडे बघत होती. तीच नजर.

"हो," तो म्हणाला. "त्याच मालातून."

"तसं लिहून सही करा."

त्याने लिहिलं, सही केली. बाईंनी कागद हातात घेऊन त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "स्वतः मोजलेल्या आकड्यावर जिचा विश्वास नाही, तिने संशोधनाच्या वाटेला जाऊ नये." आणि काठावरचे गुण दिले.

बाहेर पायऱ्यांवर तिने डोळे पुसले. सरांनी तिचं नाव एका मोठ्या संशोधन केंद्राला कळवलं होतं, दोन महिने तिथे काम करायला. "त्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "माझा हात त्यातला नाहीच."

ती जवळ सरकली आणि तिने त्याच्या दंडाला धरलं.

"बरं झालं बाबा, तुम्ही होतात. नाहीतर मी आपली त्या चांगल्या बिल्डिंगला नापास करून बसले असते."

"हं," तो म्हणाला, आणि दोघं घरी निघाले.