पूजेच्या रांगेतला गेम

खामगावच्या पंजाबराव मास्तरांच्या बँडमध्ये शेखर कॅसिओ वाजवायचा, पण त्याचा जीव अडकला होता भंगारात सापडलेल्या एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये. हातात मावेल एवढं यंत्र, पाठीत चार सेल. त्यात गाणी रचायची चिप त्यानं पुण्याहून मागवली होती. दिवसा भाजीचा गाडा, आणि गिऱ्हाईक नसलं की अंगठ्यानं एकेक सूर बसवत राहायचं. ना फुंक ना तार, नुसतं टुंईटुंई. पण त्यातून त्यानं वरातीच्या अशा चाली रचल्या की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलावेत.

दसऱ्याला मास्तरांच्या घरी सगळी वाद्यं रांगेत मांडून पुजली जात. पूजा झाली की मास्तर एकेक वाद्य उचलून वाजवणाऱ्याच्या हाती देत, आणि हंगामभर ते त्याचं. शेखरचं एकच मागणं होतं, माझा गेमही त्या रांगेत बसू द्या.

"लेकराच्या खेळण्याले कुंकू लावू काय बे?" मास्तर दरवर्षी हसायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात एका वरातीत कॅसिओ जळाला. शेखरनं गेम भोंग्याला जोडला, तर नवरदेवाचा मामासुद्धा घोड्यापुढे लोळून नाचला. तेव्हापासून लोक सुपारी द्यायला येताना विचारू लागले, "तो टुंईटुंईवाला बँड तुमचाच ना?" मास्तरांचं हसणं बंद झालं. दसऱ्याच्या आधी ते आपण होऊन म्हणाले, "आण बे शेखर, ठेव तुहा गेम रांगेत."

शेखरनं यंत्र कापसानं पुसून मांडलं. मास्तरांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. बावळट कुठला! रांगेत बसलेलं वाद्य बँडचं होऊन जातं, मग ते कुणी वाजवायचं हे मास्तर ठरवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण मानाची भूक लागली की माणसाला ताटाखालचं दिसत नाही.

मास्तरांनी गेम उचलला आणि आपल्या पोराच्या, दीपकच्या हातात दिला. शेखरच्या हातात खुळखुळा ठेवला.

"मास्तर, चाली माह्या हायेत."

"हाव, पण त्याच्यात भरेल हायेत ना? मंग बटन दाबायले तूच काऊन पायजे?"

बाकीचे खाली माना घालून आपापली वाद्यं पुसत राहिले. शेखरला बँड सोडून जावंसं वाटलं, पण चाली तिथंच राहणार होत्या. तो राहिला.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिली वरात निघाली. दीपकनं गॉगल लावून बटन दाबलं. आयत्या बिळावर नागोबा! शेखर मागे खुळखुळा हलवत होता. हात ठेका चुकत नव्हता, याचाच त्याला जास्त राग येत होता.

चौकाजवळ गेमचा लाल दिवा मंदावला. सेल संपत आले होते, आणि दीपकला त्याचा पत्ता नव्हता. शेखरच्या खिशात सवयीनं नवे सेल होतेच. मरू दे, होऊ दे फजिती, असं मनाशी म्हणत तो खुळखुळाच हलवत राहिला. आवाज एकदम बंद पडला. नाचणारे थांबले.

"खेळणंच ते शेवटी! फेका बे तिकडं!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

हसले ते दीपकला नव्हे, गेमला. शेखर धावत पुढं गेला, सेल बदलले, चाल पुन्हा सुरू करून दिली. वरात उसळली. शिट्ट्या दीपकला पडल्या.

"पहिलेच बदलून ठेवत जाय ना बे," दीपक मागे न बघता म्हणाला.

"हाव," शेखर म्हणाला, आणि खुळखुळा घेऊन मागे गेला.