नाल्याकाठचा वाघ

मी विक्कीच्या कॉम्प्युटरमधलं व्हिडिओ जोडणारं सॉफ्टवेअर बोलतोय. माझ्यावर विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी स्वतःच आता कोणावर फारसा ठेवत नाही.

गोंडपिपरीच्या बसस्टँडजवळ विक्कीचा स्टुडिओ आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही तिघं राहतो. एक फोटोचं सॉफ्टवेअर. ते नवरीला उजळ करतं, मागचा मांडव काढून तिथे बर्फाचे डोंगर बसवतं. दुसरं आवाजाचं. ते बँडचा गोंगाट दाबतं, हवा तो आवाज चढवतं. दोघांचं काम मी थरावर थर ठेवून जोडतो. लग्नं, बारशी आणि वाढदिवसाचे स्टेटस, यातच माझे दिवस जात होते.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा अजय आला. जवळच्याच गावचा धान पिकवणारा माणूस. त्याच्या मोबाइलमध्ये नाल्याकाठच्या मोहाच्या झाडांचा व्हिडिओ होता.

"विक्की, इथी एक वाघ टाकून दे."

"काऊन बे?"

"असंच. गंमत."

मला तेव्हाच शंका आली. गंमत करायला आलेला माणूस हसतो. हा सारखा दाराकडे पाहत होता.

विक्कीनं कुठला तरी सफारीचा फोटो उघडला. फोटोच्या सॉफ्टवेअरनं त्यातला बसलेला वाघ सावलीसकट कापून दिला. आवाजाच्या सॉफ्टवेअरनं अजयच्या व्हिडिओचा मूळ आवाज बंद करून गुरगुर चढवली. मी सगळं जोडलं. संध्याकाळपर्यंत तो वाघ गावागावांच्या ग्रुपवर फिरत होता.

फुलं वेचायला नाल्याकडे कोणी फिरकेना. फुलं झाडाखाली पडून सडू लागली. मग दुकानात येणारे कुजबुजू लागले, की वाघ खोटा आहे, कोणीतरी एकटाच फुलं वेचतोय. कोणाच्या अंगणात किती फुलं वाळत पडलीत, हे जो तो वाकून पाहू लागला.

एका दुपारी अजयची बायको मयुरी आली. सोबत शेजारीण चंदा. मयुरीनं मोबाइल पुढे केला.

"विक्कीभाऊ, झाडाची सावली नाल्याकडं पडून राह्यली. मंग वाघाची उलटी कशी?"

"मले काय माहीत?"

"इथी तुह्याशिवाय हे कोणाले येते?" चंदा म्हणाली. "कोणाचा तरी डाव हाये. त्यानं आमच्या तोंडचा घास पळवला."

विक्कीनं थोडा वेळ टंगळमंगळ केली, मग मला उघडलं. एक थर लपवला आणि वाघ नाहीसा झाला. नुसती झाडं उरली.

"कोणी बनवून घेतला?" मयुरीनं विचारलं.

विक्कीनं फक्त मूळ आवाज सुरू केला. वारा, वाळलेल्या पानांचा चुरचुराट, आणि व्हिडिओ काढणाऱ्याचं आपल्या कुत्र्याला दबक्या आवाजात बोलावणं. "मोती, इकडं ये. पुढं जाऊ नको."

तो आवाज नवऱ्याचा आहे, हे मयुरीला कोणी सांगावं लागलं नाही. तिनं तिथूनच त्याला फोन लावला.

अजय आला आणि दारातच उभा राहिला.

"तू वेचून राह्यला का चोरून?" मयुरीनं विचारलं.

"एक फूल नाई वेचलं. नाल्यात वाघाचे ठसे पाह्यले मी. ताजे. तुले सांगतलं, तं तू म्हणली दरसाल असंच बोलतोस. मागल्या साली काकीले वाघानं नेलं, तवाबी माहं कोणी ऐकलं नाई. वाघ दिसल्याशिवाय तुम्ही थांबणारच नाई, म्हणून दाखवला."

त्यानं मोबाइलमधला फोटो पुढे धरला. ओल्या वाळूत पंजा उमटला होता, शेजारी मापासाठी ठेवलेली त्याची चप्पल.

चंदानं मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा केला, मग विक्कीकडे पाहिलं.

"हेबी इथीच बनवलं का?"

विक्कीनं शपथ घेतली. चंदा हसली. तिच्या हसण्यात राग होता. अजयनं तिच्या हातून मोबाइल घेऊन खिशात टाकला. मयुरी एवढंच म्हणाली, "उद्या मी जाईन. तू संगं चाल."

आता पहाटे बाया फुलं वेचायला निघतात तेव्हा अजय डबा वाजवत पुढे चालतो, असं दुकानात येणारे सांगतात. पोरं त्याला 'व्हिडिओवाला' म्हणून चिडवतात. मयुरी त्याच्या मागोमाग असते. चंदा मात्र त्यांच्यासाठी थांबत नाही. सगळ्यांच्या आधी फुलं मिळावीत म्हणून ती अंधारातच एकटी नाल्यावर जाते.

विक्कीनं वाघाचं ते काम पुसून टाकलं. मी पुन्हा लग्नं जोडतोय. कोणी नवं चित्र आणलं की त्यातल्या सावल्या आधी पाहतो. ती सवय काही जात नाही.

हंगाम अजून सरलेला नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जात असेल, तर चंदाला एवढं सांगा. वाघ मी जोडला होता. पण ठशाचा तो फोटो आमच्या तिघांपैकी कोणाच्याही हातून गेलेला नाही.