फेट्याखालचा वारा

मी वारा मोजणारा बोलतोय. तीन वाट्या आणि मधे एक कणा, एवढंच माझं शरीर. शिकलेलो नाही. पाऊस मला कळत नाही, ऊन कळत नाही. एकच काम येतं, पण ते चोख येतं. जितका वारा, तितकं फिरायचं. माझ्याखाली खांबावर एक डबा असतो. माझा आकडा त्यात पडतो आणि डब्यातलं सिमकार्ड तो दर दहा मिनिटांनी नांदेडला पाठवतं. त्यात पदरचं काही घालत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मोठ्या पंख्यासमोर उभं करून माझी परीक्षा घेतली. पहिल्या फटक्यात पास झालो. मग खोक्यात बसून अर्धापूरजवळच्या एका गावी आलो. गावाचं नाव सांगत नाही, गावाला आवडणार नाही.

चहूकडे केळी. केळीचं झाड दिसायला थोर, पण पायात जोर नाही. वारा जरा उसळला की लोळण घेतं. म्हणून तिथले लोक केळीचा विमा काढतात. कंपनीची अट अशी, की ठरलेल्या वेगाच्या वर वारा सुटला असं मी सांगितलं तर भरपाई. मी नाही म्हटलं तर नाही. सगळ्या गावाचा निवाडा माझ्या तीन वाट्यांत होता. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

मला खांबावर बसवलं त्या दिवशी उद्घाटन होतं. लातूरहून कंपनीचे मोठे साहेब यायचे होते. गावानं नारळ आणला, शाल आणली, केशरी फेटा आणला. साहेब अर्ध्या वाटेवरूनच परत फिरले. मीटिंग निघाली म्हणे. त्यांच्या जागी कंपनीची टोपी घातलेली दोन माणसं आली, एकाच्या गळ्यात कॅमेरा.

"आता फेट्याचं काय करायचं, आप्पा?" व्यंकटनं विचारलं. व्यंकट केळीला टेकू बांधण्याचं काम करतो. त्याची गाठ सुटल्याचं तालुक्यात कुणी ऐकलेलं नाही.

"काय करायचं म्हंजे?" सरपंच आप्पासाहेब म्हणाले. "आणलेला फेटा वापस न्यायचा अस्तो काय?"

"पर बांधू कुणाला?"

आप्पासाहेबांनी वर माझ्याकडं बघितलं. "पाहुणा कोण हाय? ह्योच की. मशीन कंपनीचं, मान कंपनीचा. चढ वर."

टोपीवाल्यानं शिडी धरली. व्यंकट चढला आणि माझ्या तिन्ही वाट्यांवरून फेटा गच्च आवळला. वर तुराही काढला.

खाली कावेरीबाई उभ्या होत्या. भावकीतले चौघे नको म्हणत असताना उसाचं रान मोडून केळी लावणारी ही बाई. सगळ्या गावात शंका आली ती त्यांना एकट्यांना.

"आप्पा, त्या वाट्या फिरत असत्याल ना?"

"फिरत्यात की. आतल्या आत."

लोक हसले. टाळ्या झाल्या. फोटो निघाला.

तेव्हापासून मी मोजत राहिलो. फेट्याच्या आत वारा नव्हता, म्हणून शून्य सांगितलं. दर दहा मिनिटांनी शून्य. सात महिने. एका दिवसाचा खाडा नाही. मानाचा फेटा उतरवायचा कसा, म्हणून कुणी हात लावला नाही. उलट संक्रांतीला व्यंकट वर येऊन गाठ आणखी आवळून गेला.

मे महिन्यात एका दुपारी वादळ आलं. वीसच मिनिटं. शाळेचे पत्रे उडाले. कावेरीबाईंची दोन एकर बाग भुईला टेकली. घड पंधरा दिवसांवर उतरायला आले होते. माझा खांब थरथरला, फेट्याचा तुरा फडफडला, गाठ सुटली नाही. मी नांदेडला काय कळवलं? शून्य.

नांदेडच्या कचेरीत तनुजा नावाची मुलगी हे आकडे बघते. तिचं सगळं मला पुढे तिच्या टेबलावर बसून कळलं. ती औशाची. हुद्द्याचं नाव डेटा अ‍ॅनालिस्ट. तिचे वडील रामलिंगराव गावात सांगतात, पोरगी विम्यात साहेब आहे. पोरगी दिवसभर आकडे निवडते, जसे तांदूळ निवडतात. एकशे वीस गावांचे आकडे येतात. त्यातले खडे काढायचे. एखाद्या गावचा आकडा आलाच नाही, रकाना रिकामा राहिला, तर शेजारच्या गावचा घ्यायचा. हा कंपनीचा नियम.

वादळाच्या दिवशी शेजारच्या गावी ताशी बावन्न किलोमीटर, म्हणजे भरपाईच्या अटीच्या वर, आणि माझ्याकडे शून्य. तिनं मागचं काढून बघितलं. सात महिने शून्य. तिनं लातूरला शिवमूर्ती साहेबांना फोन लावला. उद्घाटनाला येता येता परत फिरले होते ते हेच.

"सर, हे यंत्र बंद आहे."

"बंद असतं तर आकडा आला असता का?"

"शून्य आलाय, सर."

"मग? शून्य आकडा नाही का? रकाना रिकामा असता तर शेजारचा घेतला असता. रिकामा आहे का?"

"सात महिने वारा नाही असं गाव पृथ्वीवर नसतं, सर."

"तुम्ही पृथ्वीचं बघू नका, तक्त्याचं बघा. शनिवारी रिपोर्ट पाहिजे. तुमच्या कॉन्ट्रॅक्टचा कागदही माझ्याच टेबलावर आहे."

म्हणजे बघा. मी कामचुकार असतो, बंद पडलो असतो, तर गावाला भरपाई मिळाली असती. मी इमानानं हजेरी लावली म्हणून कावेरीबाई बुडायला निघाल्या. तनुजानं शनिवारी तो शून्य तसाच पुढे पाठवला की संपलं.

शुक्रवारी तनुजा मेकॅनिकला घेऊन गावात आली. खांबाखाली उभी राहिली आणि मान वर केली.

"हे काय आहे?"

"मान हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"सात महिने?"

"मान काय भाड्यानं आणलाय व्हय, मॅडम?"

तिनं मग शून्याची हकीकत सांगितली. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला.

"व्यंकट, काढ तो फेटा. आत्ताच्या आत्ता."

"हात लावू नका!" तनुजा ओरडली. "आधी पंचनामा. उद्घाटनाला फेटा बांधला, आजपर्यंत तसाच आहे, असं लिहा आणि सही करा."

"सही? उद्या अर्धापूरच्या बाजारात पोरंसोरं हसतील मला. म्या न्हाई करत."

कावेरीबाई पुढे झाल्या. "आप्पा, माझी बाग रानात आडवी हाय अन् कागदावर उभी हाय. तुमच्या फेट्यापायी. सही करता का कागदावरचे घड उतरून देता? द्या, गाडी भरते."

"वहिनी, गावाच्या अब्रूचा सवाल हाय."

"गावाची अब्रू त्या खांबावर बांधून ठिवली तवा इचारलं होतं का मला?"

पहिली सही व्यंकटनं केली. त्याची एकच अट होती. "गाठ सुटली न्हाई, असं बी लिवा." लिहिलं. आप्पासाहेबांनी पेन घेतलं, दोनदा खाली ठेवलं आणि शेवटी सही केली. सही मात्र ऐटीत केली, खाली दोन रेघा ओढून.

मेकॅनिकनं मला फेट्यासकट उतरवलं. नांदेडच्या बसमधे मी तनुजाच्या मांडीवर होतो. कंडक्टर म्हणाला, "ताई, नवरदेवाचं तिकीट?"

शनिवारी सकाळी शिवमूर्ती साहेब कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले. पंचनामा वाचला, फोटो बघितले आणि खूश झाले.

"वा! म्हणजे गावानं यंत्रात छेडछाड केली. मग दावा साफ बाद. छान काम केलंत, तनुजा."

तिचा हात माझ्या कण्यावर होता. तिनं प्रामाणिकपणानं पुरावा आणला आणि त्याच पुराव्यानं गावाचा गळा आवळला जात होता. तिनं पडद्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

"सर, तुमच्या मागं बघा."

"काय आहे?"

"भिंतीवर. आपलं कॅलेंडर. मे महिना."

साहेब वळले. मे महिन्यावर मी होतो. डोक्यावर केशरी फेटा, तुरा ताठ. शिडीवर व्यंकट. शिडी धरून कंपनीची टोपी हसत उभी. खाली मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'आमचं यंत्र, आपला विश्वास', आणि शुभेच्छुक म्हणून शिवमूर्ती साहेबांचं नाव.

"फेटा गावाचा आहे, सर. शिडी आपली आहे."

साहेबांनी भिंतीकडंच तोंड ठेवून विचारलं.

"अशी किती वाटली?"

"आठ हजार, सर."

"हं," साहेब म्हणाले. "तो रकाना रिकामा समजा. शेजारचा आकडा घ्या."

बावन्न लागला. कावेरीबाईंची बाग कागदावरही आडवी झाली. सगळ्या गावाची झाली.

पुढे लातूरला कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांबद्दलच्या तळमळीसाठी शिवमूर्ती साहेबांचा सत्कार केला, फेटा बांधला. त्या डोक्यात आधीही काही फिरत नव्हतं, त्यामुळे नुकसान झालं नाही. तनुजाला वर्षाऐवजी तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि पुढच्या कॅलेंडरचे फोटो तपासण्याचं काम जादा.

गावात माझ्या जागी नवं यंत्र बसलं. मी तनुजाच्या टेबलावर असतो. तार कापली आहे, कण्याला वाक आला आहे. माझी तक्रार नाही. ती मात्र आता शून्य दिसला की रिपोर्ट बाजूला ठेवते आणि त्या गावी फोन लावते. "कुणीतरी बाहेर जाऊन वर बघा. यंत्रावर काही आहे का?"

परवा औशाकडच्या एका गावातून उत्तर आलं. "काही न्हाई, मॅडम. नुसता हार हाय."

म्हणून गावोगावच्या सरपंचांना मी म्हातारा स्पष्ट सांगतो. शाल तुम्ही पांघरा, फेटा तुम्ही बांधा, नारळ फोडून तुम्हीच खा. आमच्या जवळ येऊ नका. आम्हाला वारा लागू द्या.