रेघेच्या अलीकडे

"आणि आता, मंडळी, डाव्या अंगाने पुढे सरकतेय रोझेन केमेनेर. केरगोएतच्या केमेनेरांची धाकटी. काल रात्री उशिरापर्यंत वाचत बसली होती, डोळे सुजलेत, पण पाय बघा, पाय."

बाबा माझ्या मागून सायकलवर येत होते. जुलैतला रविवार होता. रूळ उखडून मुरूम अंथरलेल्या जुन्या रेल्वेच्या त्या वाटेवर आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. कुंपणापलीकडे गाई होत्या.

"प्रेक्षकांची तुफान गर्दी," बाबा म्हणाले. "काहीजणी तर उठून उभ्या राहिल्यात."

"बाबा, दम राखा. चढ आहे."

"चढ? कुठाय चढ?"

आमच्या रेल्वेच्या वाटेची ही खोडीच आहे. आगगाडीसाठी केलेला चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. बाहेरून आलेली माणसं मध्येच उतरतात आणि ब्रेक चाकाला घासतोय का ते वाकून बघतात. त्या दिवशीही पॅरिसचं एक जोडपं असंच वाकलेलं भेटलं. बाबा त्यांना म्हणाले, "सायकलीला काही झालेलं नाही, साहेब. तुम्हाला डोंगर लागलाय." बाई हसल्या. साहेबांनी तरीही ब्रेक सैल केला.

बाबांनी सारा जन्म दूध गोळा करणारी टाकीची गाडी चालवली. त्यामुळे खोऱ्यातलं एकूण एक शेत, प्रत्येक घरचं कुत्रं आणि घराघरातलं भांडण त्यांना ठाऊक होतं. पण लोक त्यांना ओळखायचे ते आवाजावरून. सप्टेंबरात, देवळाच्या जत्रेच्या रविवारी, आमच्या गावची सायकल शर्यत असते. रेल्वेच्या वाटेने वर जायचं, जंगलातून उतरायचं आणि ब्लावे नदीच्या काठाने परत. पूर्वी घोडे ज्या वाटेने नावा ओढायचे, त्या वाटेने. सबंध रस्त्यात एक मोटार आडवी येत नाही, म्हणून शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे उतरतात. नावांसाठी नदीचं पाणी अडवणाऱ्या जुन्या पाणदरवाज्यापाशी फक्कीची रेघ मारलेली असते आणि रेघेशी माईक घेऊन बाबा. पहिला कोण, दुसरा कोण, हे ते कधी सांगत नसत. तो हिशेब कागदावर व्हायचा. बाबा फक्त नाव घ्यायचे, कुठल्या घरचं ते सांगायचे आणि वर एक वाक्य जोडायचे. त्या वाक्यावर गाव आठवडाभर हसायचं, पण ज्याच्यावर ते असायचं तोही हसायचा.

जंगलाच्या तोंडाशी आम्ही थांबलो, पाणी प्यालो.

"आता उतार," बाबा म्हणाले. "घाबरणार असलीस तर आधी सांग, तसं बोलायला."

"तुम्ही ब्रेक धरा म्हणजे झालं."

आणि आम्ही सुटलो. खडे टायरखालून बंदुकीच्या छऱ्यांसारखे उडत होते. हँडल हातात थरथरत होतं, दोन्ही बाजूंनी नेच्याची पानं पिंढऱ्यांना फटके मारत होती. वळणावर मागचं चाक सरकलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "सावरलं, मंडळी, सावरलं तिने. तिच्या बापाला मात्र आता घोटभर काहीतरी लागेल." मी ओरडले की हसले, कोण जाणे. खाली नदीकाठी पोहोचलो तेव्हा दोघांच्या तोंडावर धुळीचा थर होता. बगळा उडाला. "पंच निघाले," बाबा म्हणाले.

संध्याकाळी ओदेतमावशीच्या बारमध्ये त्यांनी सफरचंदाचं सायडर घेतलं, मी कॉफी. उठताना त्यांनी मला विचारलं, कांदे नेतेस का. म्हटलं, पुढच्या रविवारी नेईन.

सोमवारी दुपारी त्याच कांद्याच्या वाफ्यात ते बसल्या जागी गेले.

दफन करून सगळे ओदेतमावशीकडे आले. कॉफी, लोण्याचा गोड पाव, मग मोठ्या आवाजात बोलणं, मग हसणं. आमच्याकडे असंच असतं. मावशी बार चालवते आणि सायकल मंडळाची अध्यक्षही तीच. माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "सप्टेंबरचं काय करायचं, पोरी?"

"शर्यत घ्या. बाबांना बंद पडलेली आवडली नसती."

"शर्यत घेऊ. पण नावं कोण घेणार? शहरात, साँ-ब्रिएकला, एक मिळतो, पैसे घेऊन बोलतो. सगळ्यांना 'चँपियन' म्हणतो."

"मग मावशी, तूच घे."

"मी? बारवाली मी. अर्ध्यांचे बाप मला ठाऊक नाहीत, आणि ज्यांचे ठाऊक आहेत ते माईकवर सांगण्यासारखे नाहीत." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तू घेशील?"

"मी वाचनालयात काम करते. माझ्या आवाजाने खुर्चीवरचं मांजरही उठत नाही."

"विचार कर."

"केला. नाही."

ती पुन्हा विचारायला आली नाही. मंडळाने ठरवलं, या वर्षी कोणीच बोलणार नाही. बाबांच्या मानासाठी शांतता.

शर्यतीच्या सकाळी मी सायकल काढली. घरी बसून ती शांतता ऐकणं मला जमलं नसतं, म्हणून लोकांमध्ये गेले. गावातून निघालो तेव्हा सायकलींच्या घंट्यांचा नुसता कल्लोळ झाला. धूळ इतकी की पुढच्याची फक्त पाठ दिसत होती. पोस्टमन तांगी नेहमीप्रमाणे पुढे पळाला, नर्स सोआझिग त्याच्या मागच्या चाकाला चिकटली. "तांग्या, पत्रं एवढ्या जोरात का नाही टाकत?" कोणीतरी ओरडलं. तो मागे न बघता म्हणाला, "तुझी सगळी बिलंच असतात म्हणून."

चढावर मांड्या पेटल्या. सीट टोचत होती, तळहात बधिर झाले होते, आणि मी माणसांमागून माणसं मागे टाकत होते. हे माझ्याकडून कधी झालं नव्हतं. जंगलाच्या उतारावर ब्रेकला हात लावला नाही. ओक झाडांच्या मधून उन्हाचे तुकडे अंगावर आदळत होते, छाती फुटेलसं वाटत होतं. त्या वळणावर चाक सरकलं. सावरलं. मागे कोणी काही बोललं नाही.

नदीची वाट लागली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हेझलची झुडपं. मी जीव तोडून पायडल मारत होते. शेवटचं वळण घेतलं आणि दोन्ही ब्रेक दाबले.

सगळी वाट माणसांनी तुंबली होती. मला वाटलं अपघात झाला. सायकल टाकून गर्दीतून पुढे गेले. कोणी पडलं नव्हतं. फक्कीच्या रेघेपासून हातभर अलीकडे तांगी एक पाय टेकून उभा होता. त्याच्या बाजूला सोआझिग. तिने नुसतं चाक पुढे ढकललं असतं तरी ती जिंकली असती, पण तीही उभी होती. त्यांच्या मागे बाकीचे येत होते आणि थांबत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तांगी म्हणाला. तो ओशाळला होता. "नाव नाही ना घेतलं. पायच पुढे जाईना."

"म्हणजे शर्यत संपलीच नाही?"

"कशी संपेल?" सोआझिग म्हणाली.

मागून म्हातारी बर्नादेत आपली टोपलीवाली सायकल ढकलत आली. ती जवळच्या वाटेने येते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तिने रेघ पाहिली, गर्दी पाहिली. "मी आयुष्यात पहिल्यांदा तांग्याच्या बरोबरीने पोहोचलेय," ती म्हणाली, "आणि हे सांगायला कोणी नाही होय?"

ओदेतमावशी रेघेपलीकडे उभी होती. माईक तिच्या हातात होता. तिने तो पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

मी रेघेच्या कडेने गेले आणि माईक घेतला. कर्णे किंचाळले, पाण्यावरची बदकं उडाली.

"केरलानचा तांगी गिल्लू," मी म्हणाले.

"ऐकू येत नाही," मागून कोणीतरी. "हे वाचनालय नव्हे."

"केरलानचा तांगी गिल्लू," मी मोठ्याने म्हणाले. "गावातली चार कुत्री याची सायकल ओळखतात. पाचवं अजून मागावर आहे."

तांगीने रेघ ओलांडली. लोक हसले. तो हसला.

"गिरणीवरची सोआझिग. अर्ध्या गावाला हिने सुई टोचलीय, म्हणून उरलेलं अर्धं हिच्यापुढे पळतं. वरच्या वाडीची बर्नादेत. गेल्या वर्षी ती आली तेव्हा मंडप उतरवला होता. मंडपाचा रंग तिने आज पाहिला."

मग थांबावं लागलं नाही. नावामागून नाव येत होतं, घरामागून घर. कुठल्या आडनावाची कुठल्या गोठ्याशी सोयरीक, कोण कोणाशी बोलत नाही आणि का, हे मला माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. घसा खरवडला, तरी मी ओरडत होते. लोक एकेक करून पुढे येत, नाव घेईपर्यंत थांबत आणि मग टाळ्यांमधून पलीकडे जात. एक मुलगी दोनदा आली. मी दोन्ही वेळा तिचं नाव घेतलं, वाक्य वेगळं.

शेवटी वाट मोकळी झाली. अलीकडे फक्त माझी सायकल आडवी पडली होती.

"आता तुझं," ओदेतमावशी म्हणाली. "तू राहिलीस."

मी सायकल उचलली, एका हाताने हँडल धरलं. दुसऱ्या हातात माईक होता. वळणापर्यंत वाट रिकामी होती, मुरमावर सगळ्यांच्या चाकांचे माग. लोक वाट बघत होते.

"बाबा," मी म्हणाले, आणि कर्ण्यांनी ते पाण्यापलीकडे नेलं. "मला सायकल कधी आवडलीच नाही. मी दर रविवारी तुमचं बोलणं ऐकायला यायचे."